तांदळातल्या नावाची सही

१२ जानेवारी, सोमवार

बँकेनं नाई म्हटलं. तोंडावर. पगाराची स्लिप, दवाखान्याचं पत्र, सगळं घेऊन गेलती मी. तो नवीन साहेब कॉम्प्युटरमध्ये पाहून म्हणते, "मॅडम, तुमचे चार हप्ते थकले आहेत."

कायचे हप्ते? जिंदगीत कर्ज नाई घेतलं मी.

"पिकअप गाडी आणि साऊंड सिस्टीम. निलेशराव मुख्य कर्जदार, तुम्ही सहकर्जदार."

निलेश, माहा नवरा. डीजेवाला. दिवाळीपासून मले सांगून राह्यला का हप्ते टाइमावर चालू आहेत म्हणून. मी म्हटलं, साहेब, नवऱ्याच्या कर्जानं माहा स्कोर कसा काय पडला? लग्न केलं म्हणून का? तर म्हणे, "लग्नानं काही होत नाही मॅडम. लग्नानंतरही त्यांचा स्कोर त्यांचा, तुमचा तुमचा. पण जिथं तुम्ही सही केली तिथं पूर्ण कर्ज दोघांचंही. अर्धं अर्धं नसतं."

घरी येऊन लोखंडी पेटी उलटी केली. फाइल सापडली. सही आहे. माहीच. पण "मोनाली" नाई, "कल्याणी".

लग्नात नि.नं ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिहिलं ते नाव. सासूनं ठरवलं होतं. दवाखान्यात, आधारवर, पॅनवर मी मोनालीच राह्यली, घरात सासूच तेवढी कल्याणी म्हणते. फाइलवरची तारीख पाहिली तर लग्नाच्या चौथ्या दिवसाची. लग्न नोंदवायले गेलतो तो दिवस. नि. कागदावर कागद सरकवून राह्यला होता, इथं सही कर, इथं कर. मले नवीन नाव लिहायची हौस! वळणदार काढली. क ले असं मोठं पोट काढलं. त्या नावानं जिंदगीत केलेली पहिली सही सात लाखाच्या कर्जावर. अन् खाली पॅन नंबर माहाच. नाव कोणतंही लिही, नंबर एक आहे.

इतका राग आला का फाइल दातानं फाडावी.

सरांले काय सांगू? ज्यांच्याजवळ रक्त काढायले शिकली ते सर. नालवाडीच्या वळणावरचं त्याईचं रक्ततपासणीचं सेंटर विकून राह्यले, चार लाखात, मशीनसकट. "पाडव्यापर्यंत तुह्यासाठी थांबतो मोनाली, दुसऱ्याले नाई देत." तीन वर्षं मी याच एका गोष्टीवर जगून राह्यली.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सासूनं दुपारी हळदीकुंकवाले मोहल्ल्यातल्या बाया बोलावल्या. पंधरा-वीस असतील. मी तिळगुळाचं ताट घेऊन फिरून राह्यली, तेवढ्यात फटफटीवर दोघं आले. फायनान्स कंपनीचे वसुलीवाले. चपला घालून सरळ आत.

"निलेश कुठं आहे?" नाई म्हटलं. मंग तो टकल्या सगळ्या बायाईसमोर मोठ्यानं वाचून राह्यला, एवढे थकले, एवढा दंड, एवढं व्याज. समोरच्या खोलीत नि.चे डबडे उभे आहेत, स्पीकरचे, छताले टेकलेले. त्यावर लाथ मारली. मंग माह्याकडे पाहून, "सही तुमचीबी आहे ना वहिनी. गळ्यात काय घातलं आहे ते उतरवा, हिशेब होऊन जाईल." अन् हात पुढं केला.

ताट हाणलं. तोंडावर. स्टीलचं जड ताट, काठ भिवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं त्याच्या. बाया किंचाळल्या. मले काही झालं नाई, मी रोज पन्नास लोकाईचं रक्त काढते. दुसरा अंगावर आला तर सासूनं खराटा उचलला, मानावं लागन बुढीले. गेले. जाताना टकल्या म्हणाला, "गाडी तं रस्त्यावरून उचलतो. बाकीचं तुह्या पगारातून."

बाया गेल्यावर सासू मले म्हणते, "इज्जत घालवली तुनं." मी! मी घालवली!

तिळगूळ स्पीकरच्या मागंपर्यंत सांडला. आतापर्यंत मुंग्या झाल्या.

१५ जाने., गुरुवार

नि. सकाळी आला, लाखनीची वरात वाजवून. मी फाइल समोर टाकली.

"तुम्ही मले विचारलं होतं का?"

"विचारायचं काय त्यात? नवरा-बायकोचं वेगळं असते का?"

"वेगळंच असते. बँकेत विचारून आली मी."

मंग गोड झाला. त्याच्या डोक्यात सगळं तयारच होतं. दवाखान्यातल्या नोकरदाराईची पतसंस्था आहे, तिथं बाहेरचा स्कोर कोणी पाहात नाई, पगार पाहून देतात. तिथून माह्या नावानं सहा लाख उचलायचे. जुनं फेडायचं, उरलं त्यातून नवीन लाइट घ्यायचे. हप्ता माह्या पगारातून कटन. "मी तुले हातात देत जाईन ना महिन्याच्या महिन्याले."

म्हटलं, तिथून उचलीन तर सेंटरसाठी उचलीन. चार लाख.

थापड. मंग दुसरी. कानात अजून शिट्टी वाजून राह्यली.

पहिल्यांदा नाई मारलं त्यानं. पण लिहून पहिल्यांदा ठेवून राह्यली.

२१ जाने.

पतसंस्थेत कुंदाताई बसतात. माह्याहून दहा वर्षं मोठ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गालाकडे पाहिलं, चहा मागवला. सगळं नीट समजावून सांगितलं. पिकअपच्या कर्जात तो नाई भरत तर ते पूर्ण माह्यावर. जो सापडन त्याले धरतात, मी पगारदार म्हणजे मीच सापडते. इथून मी एकटीनं घेतलं तर ते माहं एकटीचं, नवऱ्याच्या डोक्यावर पैशाचाही भार नाई.

"म्हणजे त्याचं दोघाईचं अन् माहं माहं एकटीचं?"

"सही जशी केली तसं."

"अन् सोडून देल्लं त्याले तर?"

"कोर्ट नवऱ्यापासून सोडवते गं. कर्जापासून नाई सोडवत."

आम्ही दोघी हसलो. मले हसता हसता रडू आलं तर ताईनं खिडकीवरचा पडदा ओढला. म्हणाल्या, तुहा सेंटरचा अर्ज आण, मी लावते पुढं. एका वेळेले एकच कर्ज देते संस्था. ज्याचा कागद पहिले आला त्याचं काम पहिले.

सही कोणत्या कागदावर होते एवढाच प्रश्न आहे आता. सहा लाखाच्या का चार लाखाच्या.

२९ जाने., गुरुवार

आईचा फोन. माह्या माहेरचे आष्टीकडे भाजीपाला करतात, वांगे, सांबाराच्या जुड्या, आठवडी बाजार. नि.नं तिले परस्पर फोन लावला होता. रडला म्हणे. आईनं मलेच ऐकवलं, "करून टाक ना बाई सही. सही केल्यानं का हात मोडते का?"

म्हटलं, त्यानं मले मारलं आई.

"किती मारलं?"

हे विचारते माही माय. किती! फोन कापला.

३ फेब्रु., मंगळवार

पिकअप उचलली. आर्वी रस्त्यावर आडवी गाडी लावून नि.ले खाली खेचलं, लाथाबुक्क्यांनी तुडवलं, चाबी घेतली. स्पीकर घरी होते म्हणून वाचले. ऑटोत पडून घरी आला. वरचा ओठ फाटलेला, दोन दात हलून राह्यले.

मीच धुतलं, टिंचर लावलं. लेकरासारखा कण्हत होता. "मोनू, सिझन सुरू होऊन राह्यला, सतरा सुपाऱ्या घेतल्या आहेत, ॲडव्हान्स खाऊन बसलो. मले वाचव ना." कीव आली. खोटं कायले लिहू, लय कीव आली. अर्धा तास मनात म्हणून राह्यली का करून टाकावी.

मंग कपडे धुवायले खिसे पाहिले तर पतसंस्थेचा फॉर्म निघाला. माहं नाव, माहा कर्मचारी नंबर, माहा पगार, सगळं भरून. सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या मारून ठेवलेल्या, चार ठिकाणी. म्हणजे मार खायच्या आधीच भरून ठेवलता भडव्यानं. रडला तो नंतर.

७ फेब्रु., शनिवार. दुपारी १

आज सुट्टी होती. जेवण झाल्यावर नि.नं फॉर्म ताटाशेजारी ठेवला. पेन दिला. म्हटलं, मी नाई करत. सेंटरचा अर्ज सोमवारी देऊन राह्यली मी.

केस धरून डोस्कं भिंतीवर आपटलं. तीन वेळा. सासू अंगणात बाजारात विकायची मेथी निवडून राह्यली होती, तिनं डोकं वर नाई केलं. पोटात लाथ बसली तेव्हा मी म्हटलं, "तू मेला तरी नाई करीन." तीन वर्षात पहिल्यांदा तू म्हटलं त्याले. त्याचाच जास्त राग आला त्याले असं वाटते. आणखी दोन बुक्क्या. मंग पानाच्या ठेल्यावर गेला. "येतो तवर कर सही. नाई तं आज तुले जित्ती नाई ठेवत."

मी उठली. सासूच्या टोपल्यातला इळा घेतला, मेथीच्या जुड्या कापायचा. समोरच्या खोलीत गेली अन् एकेका स्पीकरचा पडदा फाडला. पहिला घाबरत. दुसऱ्यापासून मजा आली. काळा कागदी पडदा आहे तो, इळा घुसला का फर्रर्र. आठ मोठे, सोळा लहान. एकही नाई सोडला. लाइटच्या वायरी कापल्या. हे सगळं माह्याही सहीनं आलं आहे ना? अर्धं नाई, पूर्ण. मंग पूर्ण फाडते.

सासू दारात येऊन "कल्याणी, कल्याणी" करून राह्यली. म्हटलं कल्याणी मेली आई, तुम्ही बाजूले व्हा.

डोक्याले टेंगूळ आलं आहे. तरी लय बरं वाटून राह्यलं. तो येईल आता. येऊ दे.

११ फेब्रु.

डाव्या हातानं.

उजवा मोडला. मनगटाजवळ दोन हाडं. उंबऱ्यावर ठेवून पाय दिला त्यानं. आवाज आला. मलेच आला.

प्लास्टर सहा आठवडे.

१४ फेब्रु.

दवाखान्यात पोलिसाचा कागद बनते अशा वेळेले. डॉक्टर ओळखीचे. प्लास्टरच्या दिवशी दार लावून विचारलं, "कसं झालं मोनाली? खरं सांग."

मोरीत घसरली म्हटलं.

त्याईनं लिहिलं. पेन ठेवून पाहात राह्यले.

काऊन खोटं बोलली? भीती नाई. हिशेब केला. गाडी उचलली तरी कर्ज उभंच, तो जेलात गेला तर हप्ते कोन भरन? मी. कंपनी एकालेच धरन. बाहेर राह्यला तर चार पैसे तरी कमावन. हाड मोडणाऱ्यालेही सांभाळून ठेवावं लागते, कर्ज सोबत आहे म्हणून. अशी वेळ कुत्र्यावरही नको.

१८ फेब्रु.

एका हातानं नळी धरता येत नाई, सुई धरता येत नाई. रजा. अर्धा पगार. अर्जावर सही नाई म्हणून सेंटरचा अर्ज तसाच. पण त्याचा फॉर्मही तसाच! त्याच्या लक्षात आज आलं. ज्या हाताची सही पाहिजे तोच हात मोडून बसला. माह्या प्लास्टरकडे असा पाहात होता जसं मीच केलं.

मले हसू आलं. त्यानं ग्लास फेकून मारला. चुकला.

२५ फेब्रु., बुधवार

लिहायले आता जमून राह्यलं डाव्यानं. पहिलीतल्या पोराचं अक्षर, पण जमते.

आठ दिवस लाडात ठेवलं. भाकर मोडून भरवली, वेणीही घालून दिली. मले वाटलंच काही तरी शिजून राह्यलं. आज दुपारी सासू शेजारी येऊन बसली, हातात शाईचा डबा. बाजारातल्या पावतीवर शिक्का मारायचा तो. नि.नं मागून धरलं. सासूनं माहा डावा अंगठा धरून डब्यात दाबला.

कोणीतरी सांगितलं म्हणे, हात मोडला असन तर अंगठाही चालते.

मी गुरासारखी ओरडली. अंगठा फॉर्मवर टेकला तसा ओढला, जोरात, अख्ख्या फॉर्मवर काळा फराटा. अन् सासूचा हात तोंडाजवळ होता, चावली. दात हाडाले लागले. रक्ताची चव आली. सोडलंच नाई. नि.नं प्लास्टरवर बुक्की मारली तेव्हा सुटलं. डोळ्यापुढं अंधारी. पण फॉर्म गेला वाया. दुसरा कोरा फॉर्म आणला तर परत तेच करीन, सांगितलं. सगळे फराटेच भेटतील.

सासूच्या हाताले पट्टी मीच सांगितली कशी बांधायची.

१ मार्च, रविवार

सासू जवळ येऊन बसली. पट्टीचा हात मांडीवर. म्हणे, "माहाबी अंगठा घेतलता तुह्या सासऱ्यानं. वावर गेलं त्यात. सहा एकर. मले मायच्या घरून भेटलं होतं."

"मंग माहा अंगठा तुम्ही काऊन धरला आई?"

पट्टीची गाठ आवळत म्हणे, "मले कोनी सोडवलं होतं?"

तिनं मेथी काढली, मी एका हातानं निवडायले लागली.

१२ मार्च

नि. एकदम शांत झाला. फॉर्मचं नाव नाई. भाड्यानं स्पीकर आणून वराती वाजवून राह्यला. धुळवडीले दारू पिऊनही हात नाई उचलला. मले याचीच जास्त धास्ती. मारते तेव्हा तो कुठं आहे ते कळते तरी.

लोखंडी पेटीतली पिकअपची फाइल दिसत नाई.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. शेजारी गुढी उभारली, आमच्याकडे सासूनं उभारली, मी साखरगाठी बांधली डाव्या हातानं. सरांकडे गेली. एक जण बयाना घेऊन दोनदा येऊन गेला म्हणाले. पुलगावचा. मी हात दाखवला. सरांनी सेंटरच्या खुर्चीवर बसवलं मले, जिथं पेशंट बसवतात तिथं. मंग म्हणाले, "महिन्याच्या शेवटपर्यंत. त्यापुढं मले जमणार नाई पोरी, माह्या डोळ्याचं ऑपरेशन आहे."

बारा दिवस.

२४ मार्च, मंगळवार

प्लास्टर निघालं. हात बारीक झाला, चामडी पांढरी, केस उगवले. मनगट पूर्ण वळत नाई. डॉक्टर म्हणाले व्यायाम कर, सुई धरशील, दीड-दोन महिने लागतील.

हा उजव्या हातानं लिहिलेला पहिला कागद आहे. अक्षर माहं नाई वाटून राह्यलं. चार ओळीत पेन दोनदा पडला.

२६ मार्च, गुरुवार

कुंदाताईचा फोन, सकाळी साडेदहा. "मोनाली, ताबडतोब ये. कोणाले सांगू नको."

गेली. त्याईनं दार लोटलं अन् टेबलावर फॉर्म ठेवला. सहा लाख. पाच मार्चची तारीख. चारही फुल्यांवर सह्या. मॅनेजर साहेबाच्या टेबलावर होता, उद्या मंजूर होणार. ताई रजेवर होत्या, काल आल्या, काल पाहिला.

"ही कल्याणी कोन आहे गं?"

मी पाहातच राह्यली. क चं मोठं पोट. माह्या लग्नाच्या चौथ्या दिवसाची हौस, जशीच्या तशी, चार वेळा. त्यानं पिकअपच्या फाइलीवरून गिरवली. नाव वर मोनाली, सही खाली कल्याणी. त्याले सुचलंच नाई का दवाखान्यात मले त्या नावानं कोणी ओळखत नाई. तांदळात लिहिलेल्या नावाची तेवढी सही त्याले माहीत. तीन वर्षं पगार आणून दिला, त्या पगाराच्या पावतीवर काय सही असते हे एकदा पाहिलं नाई मेल्यानं.

ताई म्हणाल्या, "अन् पाच मार्चले तुह्या हाताले प्लास्टर. दवाखान्याचा कागद आहे?"

आहे. सहा आठवड्याचा, तारखेसकट. त्यानंच मोडून दिलेला पुरावा.

मले नाचावं वाटलं.

फॉर्म थांबवला. पण ताई म्हणतात, नुसता थांबवून भागणार नाई. खोट्या सहीची तक्रार लेखी पोलिसात गेली पाहिजे, नाई तर मॅनेजर म्हणन घरचं भांडण आहे, अन् माह्या स्वतःच्या अर्जालेही हात लावणार नाई कोणी. तक्रारीची प्रत आणली तर सेंटरचा अर्ज सोमवारी बैठकीत ठेवतो म्हणे मॅनेजर.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी नि.ले कळलं. कोणी सांगितलं माहीत नाई. अंगणात गाठलं. गळा धरला, दोन्ही अंगठे मधोमध. "तक्रार केली तं मी आत जाईन. मी आत गेलो तं पिकअपचे साडेचार लाख तू भरशील. समजलं का? सही केली तू."

हे त्यालेही माहीत आहे. म्हणजे पहिल्यापासून माहीत होतं.

श्वास गेला माहा. डोळ्यापुढं ठिपके. मागून टन्न आवाज आला. सासूनं दोन किलोचं वजन हाणलं, काट्याचं, त्याच्या पाठीत. तो खाली बसला. सासू वजन हातात धरूनच उभी. मले म्हणे, "जाजो. आता जाजो. मी आहे इथं."

कल्याणी नाई म्हटलं. मोनालीही नाई. नुसतं जाजो.

गळ्यावर बोटं उमटली आहेत. ओढणी नाई घेतली मुद्दाम. घरून ठाण्यापर्यंत ऑटोत सगळे पाहात होते.

हवालदारानं सगळं लिहून घेतलं. बरा माणूस आहे, बायाईचं समजून घेते. खोटी सही, तारीख, प्लास्टरचा कागद. मंग कागदावर बोट ठेवलं. "इथं दवाखान्यानं लिहिलं आहे, मोरीत घसरल्या. हात कसा मोडला हे विचारणारच समोरचा वकील. तेच ठेवू का?" अन् पेन उघडा धरून बसला. "अन् गळ्याचं? लिहायचं का?"

खोटी सही एवढीच लिहिली तर नि. बाहेर राहील, जमानत होईल, वराती वाजवन, हप्ता भरन कदाचित. अन् घरी येईल. सगळं लिहिलं तर आत जाईल. अन् पिकअपचे साडेचार लाख, सेंटरचे चार, दोन्ही माह्या एकटीच्या डोक्यावर, अन् हात अजून सुई धरत नाई.

म्हटलं, साहेब, पाणी पाहिजे. त्यानं माठाकडे हात केला.

बाकावर बसून हे लिहून राह्यली. कागद समोर आहे. कारणाची ओळ कोरी ठेवली त्यानं, खाली सहीची जागा. मनगट ठणकून राह्यलं. वहीच्या मागच्या पानावर तीन वेळा मोनाली लिहून पाहिलं. तिसरं बरं आलं.

तो हवालदार पुन्हा इकडे पाहून राह्यला. "झालं का ताई?"